पाण्यात नसलेलं विष

लग्नकार्यात पंगतीत बसले की शेजारचं कुणीतरी मला विचारतंच, "मग आम्ही खायचं तरी काय?" मी काय काम करते हे नात्यागोत्यात आता सगळ्यांना ठाऊक झालंय. ग्वाल्हेरच्या एका टोकाला असलेल्या प्रयोगशाळेत मी भाज्या, धान्य, दूध आणि पाणी तपासते. त्यात कीटकनाशकाचा अंश उरलाय का आणि उरला असेल तर किती, एवढंच बघायचं. विचारणाऱ्याच्या पानात तेव्हा मटार-पनीर असतं आणि त्याला माझ्याकडून भीती वाटेल असं काहीतरी ऐकायचं असतं. मी म्हणते, वाहत्या पाण्यात नीट धुवा आणि खा. त्याची निराशा होते.

या कामात मी खरं काय शिकले ते पंगतीत सांगता येत नाही, कारण त्याची सुरुवात माझ्या चुकीपासून होते. ती चूक आणि त्या वेळी मला सांभाळून घेणारी माणसं, यांच्याबद्दल एकदा लिहायचं होतं.

आम्ही खासगी बाजार नावाच्या जुन्या मोहल्ल्यातल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि इथलेच झाले. आता घरात फौजेचं काही उरलेलं नाही. बाबा बाड्यावरच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातल्या, बँकेतून निवृत्त झाले, आई घर सांभाळते. मराठी आम्ही घरात बोलतो, तीही अशी की पुण्याची मावशी आली की हसते. एम.एस्सी. झाल्यावर मला या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा मी स्वतःवर बरीच खूश होते. पहिल्याच दिवशी आमच्या सरांनी मला मशीनजवळ न नेता मागच्या मोरीवर नेलं आणि अम्मांच्या ताब्यात दिलं.

सर मूळचे सागर शहरातले. कमी बोलणारे, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेले. अम्मा म्हणजे प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणारी बाई. शहराच्या दुसऱ्या भागातून, मुरारहून, रोज सवारीच्या टेम्पोनं यायच्या. शाळा त्यांनी पाहिलेली नव्हती, पण सही करता येत होती, आणि आकडे वाचता येत होते. सरांनी सांगितलं की महिनाभर ही यांच्याबरोबर भांडी धुईल. मला अपमान वाटला. घरी येऊन मी आईला म्हटलंसुद्धा की पदवी घेऊन मी भांडी घासतेय.

अम्मांनी मला धुतलेला चंबू उजेडासमोर तिरका धरायला शिकवलं. काच खरोखर स्वच्छ असेल तर पाणी तिच्यावरून एका पातळ पडद्यासारखं सरकत खाली येतं. कुठे थेंब अडकून उभा राहिला, तर तिथे काहीतरी चिकटलेलं आहे; परत धुवायचं. आम्ही जे मोजतो ते इतकं कमी असतं की बोटाचा तेलकटपणादेखील हिशेब बिघडवू शकतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. हातांना ते अम्मांमुळे कळलं. महिन्याच्या शेवटी त्यांनी माझे सहा चंबू एकामागून एक उजेडाला धरले, दोन बाजूला काढले आणि बाकीचे कपाटात ठेवले. ते चार चंबू कपाटात गेले याचा मला एम.एस्सी.च्या निकालाच्या दिवसापेक्षा जास्त आनंद झाला होता.

दीड वर्षानंतरची गोष्ट. शहरापासून तासाभराच्या अंतरावर एक गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेनं अर्ज पाठवला होता. शाळेचा हँडपंप गव्हाच्या शेताच्या अगदी बांधाला लागून आहे, शेतात फवारणी झाली की पाण्याला वास येतो असं मुलं म्हणतात, तरी पाणी तपासून द्यावं. सर त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला सागरला चालले होते. जाताना म्हणाले, तू नमुना घेऊन ये, मशीनवर लाव, अहवाल मी आल्यावर बघू. एकटीनं नमुना घ्यायला जायची माझी ती पहिलीच वेळ होती.

जीप सकाळी सहाला बाड्यावरून निघणार होती. प्रयोगशाळा उलट्या दिशेला. पहाटे तिकडे जाऊन बाटल्या घेऊन परत यायचं मला जिवावर आलं. म्हणून आदल्या संध्याकाळीच मी बाटल्यांचा क्रेट घरी घेऊन आले. असं करायचं नसतं. धुतलेल्या बाटल्या प्रयोगशाळेतून निघाल्या की सरळ नमुन्याच्या जागी जायच्या, मध्ये कुठे मुक्काम नाही, हे मला पाठ होतं. मी क्रेट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला, आईला सांगितलं की याला कुणी हात लावू नका, आणि झोपले.

सकाळी गावात पोचले. मुख्याध्यापिका माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. रोज ग्वाल्हेरहूनच बसनं यायच्या. त्यांनी मला पंप दाखवला, मुलांना ओळीनं बाजूला उभं केलं. मी नियमाप्रमाणे आधी बरंच पाणी उपसून जाऊ दिलं, हातमोजे चढवले, त्याच मोज्यांनी क्रेट जीपमधून खाली घेतला आणि बाटल्या भरल्या. एक जास्तीची बाटलीही होती. तिच्यात प्रयोगशाळेतलंच शुद्ध पाणी भरून नेतात, जागेवर तिचं झाकण मिनिटभर उघडतात आणि परत बंद करून आणतात. प्रवासात, हाताळण्यात, हवेतून काही मिसळलं तर ते या बाटलीत सापडावं म्हणून. मी तिचंही झाकण उघडलं आणि बंद केलं. पोरं श्वास रोखून बघत होती. मला फार महत्त्वाचं कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं.

दोन दिवसांनी मशीनच्या कागदावर एक टोक वर चढलं. सरळ, उंच, सुबक. मशीनमधून प्रत्येक पदार्थ आपापल्या ठरलेल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर तसं टोक उमटतं; हे टोक डेल्टामेथ्रिन नावाच्या कीटकनाशकाच्या वेळेला, अगदी त्याच मिनिटाला होतं. प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी मी त्याच दिवशी लावून बघितलं होतं, त्यात काही नव्हतं. म्हणजे भांडी स्वच्छ, मशीन ठीक. मला आनंद झाला. हे लिहिताना आजही लाज वाटते. मुलं जे पाणी पितात त्यात मला विष सापडलं, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की मला सापडलं.

प्रवासात नेलेली ती जास्तीची बाटली मी लावली नाही. अर्धा दिवस गेला असता. शुक्रवारची दुपार होती.

सरांची सही झाल्याशिवाय निकाल बाहेर सांगायचा नसतो. पण मुख्याध्यापिकेचा नंबर माझ्याकडे होता, आणि शनिवारी मुलं शाळेत येऊन तेच पाणी पिणार होती. मी फोन केला. पंपाचं पाणी पाजू नका, त्यात कीटकनाशक आहे, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, पक्कं का? मी म्हटलं, पक्कं.

सोमवारी सर आले. कागद हातात घेऊन ते खिडकीच्या उजेडाशी गेले. मग म्हणाले की हे औषध मातीला धरून बसतं, पाण्याबरोबर खोल उतरत नाही. एखाद्या उघड्या तळ्यात सापडलं असतं तर समजू शकलो असतो, इतक्या खोल पंपात कसं गेलं? मी म्हटलं, बांधाला लागूनच शेत आहे. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "प्रवासाची बाटली लावलीस?"

मी नाही म्हटलं. ती अजून असेल असंही मला वाटलं नाही. काम झाल्यावर पाणी ओतून बाटल्या धुवायला जातात, आणि शुक्रवारनंतर मोरीवरचा सगळा ढीग अम्मांनी संपवलेला दिसत होता.

अम्मा दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "फ्रिज में धरी है. जिस पे आपकी सही नहीं, उसे हम नहीं फेंकते, बिटिया."

बाटलीच्या चिठ्ठीवर तपासणी झाल्याची सही करायची जागा कोरी होती. म्हणून त्यांनी ती धुतली नव्हती. इतकंच. त्यांना निकालाबद्दल काही शंका आलेली नव्हती, कुणी काही सांगितलेलं नव्हतं. जसं करायचं तसं त्यांनी केलं होतं. मी केलं नव्हतं.

त्याच दिवशी मी ती बाटली लावली. पंपाचं पाणी त्या बाटलीत कधी गेलंच नव्हतं. तरी कागदावर तेच टोक चढलं, त्याच वेळेला, जवळजवळ तेवढंच उंच. मी कागदाकडे बघत बसले.  सर मागे येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. म्हणाले, आता बाटली इथून निघाल्यापासून परत येईपर्यंत कुठे कुठे होती ते सगळं सांग, काही सोडू नकोस.

मी सांगायला लागले आणि पहिल्याच वाक्याला अडखळले, कारण पहिलं ठिकाण आमचं स्वयंपाकघर होतं.  अम्मांनी मोरीखालून तो क्रेट आणला आणि उलटा केला. तळाला आणि कडांना पांढरी भुकटी लागलेली होती. "ये चूना कहाँ का है?" त्यांनी विचारलं.

तो चुना नव्हता. मुंग्या-झुरळांसाठी ओढतात तो खडू होता. आमच्या घरात तो बारा महिने असतो. त्यात काय असतं हे खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि ते वाचायची मला गरज नव्हती. डेल्टामेथ्रिन हे नाव मी गेले तीन दिवस कागदावर बघत होते, आणि भुकटी लागलेल्या त्याच मोज्यांनी मी बाटल्यांची झाकणं उघडली होती.

संध्याकाळी घरी गेले ती रागातच. आई मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, तू माझ्या बाटल्यांपाशी खडू ओढलास का? ती म्हणाली, "हो गं. रात्री मुंग्यांची रांग लागली होती. तुझ्या ऑफिसच्या बाटल्या, खराब नको व्हायला म्हणून चारी बाजूंनी रेघा मारून दिल्या. बाटल्यांच्या त्या डब्यालापण मारल्या. हात नाही लावला मी बाटल्यांना."

तिनं खरंच हात लावला नव्हता. मी सांगितलेलं तिनं तंतोतंत पाळलं होतं. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. मग ती म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर त्या गावात. रेघ मी मारली, मी सांगते त्यांना."

मी तिला म्हटलं की रेघ तिची असली तरी बाटल्या घरी आणल्या मी, जास्तीची बाटली लावली नाही मी, आणि सहीशिवाय फोन केला तोही मीच. तिचं त्यात काही नाही.  दुसऱ्या दिवसापासून तिनं घरातला तो खडू बंद केला, आणि मुंग्या दिसल्या की ती अजूनही हळदीनं भागवते. मी कधी तसं सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सर आणि मी दोघं गावात गेलो. या वेळी बाटल्या अम्मांनी स्वतः बांधून जीपमध्ये ठेवल्या होत्या. मी मुख्याध्यापिकेला आधीच फोन करून कळवलं होतं की पहिल्या निकालाबद्दल शंका आहे, पुन्हा तपासतोय. त्या पंपापाशी उभ्या होत्या. मुलांसाठी पाणी आता गावाच्या पलीकडच्या विहिरीवरून येत होतं. मोठ्या वर्गातल्या मुली आळीपाळीनं कळशा आणत होत्या. मला ते बघवत नव्हतं. पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते त्याहून वाईट होतं.

शेत ज्याचं होतं त्याच्यावर गावानं ठपका ठेवला होता. तोच फवारतो, त्याच्याच बांधाला पंप, म्हणजे त्यानंच पोरांच्या पाण्यात विष घातलं. शनिवारीच लोक त्याच्या दारात गेले होते. त्याच्या घरचं ताक आसपासच्या चार घरांत जायचं, ते बंद झालं. त्याची नात याच शाळेत तिसरीत होती. मुलं तिच्याजवळ बसेनात, तेव्हापासून ती शाळेत आलेली नव्हती. मुख्याध्यापिका मला दोष देत नव्हत्या. त्या म्हणाल्या, मीच पालकांना कारण सांगितलं, न सांगता पाणी कसं बंद करणार होते?

मला तिथल्या तिथे त्या माणसाच्या घरी जायचं होतं. सरांनी थांबवलं. म्हणाले, "क्या कहोगी? कि शायद? एक बार 'शायद' को 'पक्का' कह चुकी हो. अब पक्का लेकर जाना."

ते तीन दिवस फार लांब गेले. सर माझ्या शेजारी बसून होते, पण काम त्यांनी मलाच करायला लावलं. प्रत्येक बाटली दोनदा लावली. प्रवासाची बाटली सगळ्यात आधी. पंपाचं पाणी स्वच्छ होतं. जी कीटकनाशकं आम्ही बघू शकतो त्यातलं एकही त्यात नव्हतं. मुलांना येणारा वास पंपाच्या जुन्या गंजक्या पाइपाचा असावा, असं सरांचं मत पडलं. चुकीची नोंद करायची आमच्याकडे वही आहे. ती सरांनी माझ्यापुढे ठेवली आणि सांगितलं, काय झालं ते तुझ्या अक्षरात लिही, आईचा उल्लेख करायची गरज नाही. मी लिहिलं. "नमुना घेणाऱ्यानं बाटल्या घरी नेल्या," इथून सुरुवात केली.

अहवाल घेऊन सरांबरोबर गेले ती आधी त्या शेतकऱ्याच्या घरी. साठीचा माणूस असेल. गोठ्याच्या बाजूला मशीनवर कडबा कापत होता. त्याच्या बायकोनं खाट टाकली. आम्ही बसलो नाही. मी त्याला सगळं सांगितलं. की तुमच्या शेतातून काही गेलेलं नाही, पाणी चांगलं आहे, विष माझ्या घरून बाटल्यांना लागलं होतं, आणि पूर्ण न तपासता मी फोन केला. माफी मागितली. तो ऐकत होता. मधे एकदा त्यानं मशीनचं चाक हातानं थांबवलं, ते हळूहळू फिरत होतं म्हणून. माझं झाल्यावर म्हणाला,

"बात यहाँ थोड़े ही हुई थी. जहाँ हुई थी, वहाँ कहो."

आवाज चढलेला नव्हता. पण त्यानं आम्हाला पाणीही विचारलं नाही, आणि ते बरोबर होतं.

मुख्याध्यापिकेनं मुलांना अंगणात बसवलं आणि निरोप पाठवून पालकांना बोलावून घेतलं. वीसेक बायका आल्या, काही पुरुष भिंतीला टेकून उभे राहिले. तो शेतकरीही आला आणि फाटकापाशी थांबला, आत आला नाही. मला वाटलं होतं सर बोलतील, कारण अहवालावर सही त्यांची होती. ते खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. माझा आवाज मलाच लांबून येतोय असं वाटत होतं. एक वाक्य आठवतं, कारण ते म्हणताना मी फाटकाकडे बघितलं होतं. "गड़बड़ पानी में नहीं थी, खेत में भी नहीं थी. मेरे हाथ में थी."

 मग मागून एक बाई उठली. कडेवर मूल होतं. तिनं विचारलं की तेव्हाही तुम्ही पक्कं म्हणाला होतात, आज पक्कं म्हणताय, आम्ही यातलं कोणतं खरं मानायचं?

प्रश्न रास्त होता. मी सरांकडे बघितलं नाही. मी त्या बाईला बाटल्यांचं सगळं सांगितलं: जास्तीची बाटली कशासाठी असते, ती मी कशी टाळली, भांडी धुणाऱ्या अम्मांनी ती कशी ठेवली होती म्हणून चूक सापडली, आणि या वेळी काय काय किती वेळा तपासलं. ती मधे मधे प्रश्न विचारत होती. ती बाटली धुतली गेली असती तर काय झालं असतं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तर तुम्ही अजून विहिरीवरून पाणी आणत असता, आणि चूक मलाही कळली नसती. तिनं कडेवरचं मूल दुसऱ्या बाजूला घेतलं. मग म्हणाली, त्या अम्मांना आमचा राम राम सांगा, आणि खाली बसली.

निघताना मुख्याध्यापिका जीपपर्यंत आल्या. त्यांच्या शाळेची आठवड्याची घडी मी विस्कटली होती आणि गावासमोर त्यांना खोटं पाडलं होतं. त्या म्हणाल्या की तुम्ही पत्र पाठवून मोकळ्या झाल्या असतात तरी चाललं असतं, बहुतेक लोक तेच करतात. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या की आज मुलांनी एका मोठ्या माणसाला चूक कबूल करताना बघितलं, ते मला शिकवता आलं नसतं. मला रडू आलं. सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. सोमवारी मुख्याध्यापिकेचा फोन आला की शेतकऱ्याची नात शाळेत आली आहे, आणि पंपावर सगळ्यात आधी तिच्याच हातात भांडं दिलं.

अम्मांना मी त्या बाईचा निरोप सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या की त्या गावात त्यांना ओळखणारं कोण आहे? मी सांगितलं, आता सगळे आहेत. त्यांनी पदरानं हात पुसले आणि पुढचा चंबू उचलला. पुढल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी अधिकाऱ्यांची भाषणं झाली, शाल-नारळ झाला. सरांनी बोलायला उठून एवढंच सांगितलं की या प्रयोगशाळेनं आजवर जे जे बरोबर सांगितलं ते यांच्या हातांच्या जोरावर सांगितलं. अम्मांना ते पूर्ण कळलं की नाही ठाऊक नाही, पण त्या सरांच्या पाया पडायला वाकल्या आणि सरच आधी वाकले.

आता मीही नव्यानं आलेल्यांना महिनाभर मोरीवर उभं करते. त्यांना अपमान वाटतो, ते मला दिसतं. मग ती वही काढते आणि माझ्याच अक्षरातलं पान वाचायला देते. एक मुलगी वाचून म्हणाली, "मॅम, ये आपने क्यों संभाल के रखा है? मैं तो फाड़ देती." मी म्हटलं, ते पान मला फार महाग शिकवणीतून मिळालंय, फाडू कसं?

आणखी एक सांगायचं राहिलं. अम्मा निवृत्त झाल्या त्याच हिवाळ्यात तो शेतकरी आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. सोबत पोतं होतं, पोत्यात फुलकोबी. मी त्याला ओळखलं. त्यानं मला ओळखलं आहे असं काही दाखवलं नाही. म्हणाला, घरच्यांनी गव्हाच्या जोडीला भाजी लावली आहे, मंडईत जाण्याआधी बघून द्या. त्यानं कधी आणि काय फवारलं ते मी विचारून लिहून घेतलं. शेवटची फवारणी होऊन चारच दिवस झाले होते.

या वेळी टोक खरं होतं. मी दोनदा नाही, चारदा बघितलं. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. सरांनी सही केली आणि विचारलं, तू सांगणार की मी? मी म्हटलं, मीच.

निकालाच्या दिवशी तो बाहेरच्या बाकावर येऊन बसला होता. ज्याच्यावर मी एकदा खोटा आळ आणला होता, त्याच माणसाला मला आता सांगायचं होतं की तुमच्या भाजीत विष आहे. मी शेजारी बसले आणि सांगितलं. हेही सांगितलं की फवारल्यानंतर ठरावीक दिवस थांबून मगच काढणी करायची असते, औषधाच्या बाटलीवर ते लिहिलेलं असतं, दुकानदार सांगत नाहीत. त्यानं गमछा झटकून खांद्यावर टाकला. मला वाटलं, आता तो उठून जाईल.

"उस बार आपने कहा था, मेरा नहीं है," तो म्हणाला. "सबके सामने कहा था. तो इस बार कह रही हो कि मेरा है, तो होगा."

मग त्यानं विचारलं की नेमके किती दिवस थांबायचं. मी लिहून दिलं. त्यानं तो कागद नातीला वाचायला देईन म्हणून घडी घालून खिशात ठेवला. मान्य करणं त्याला सोपं गेलं नसणार. अर्धं शेत काढणीला आलेलं होतं. तरी तो थांबला. दोन आठवड्यांनी परत पोतं घेऊन आला, आणि त्या फुलकोबीत जे सापडलं ते मर्यादेच्या बरंच खाली होतं. अहवाल हातात दिल्यावर तो पहिल्यांदा हसला. जाताना त्यानं दोन गड्डे काढून बाकावर ठेवले. आम्हाला असं काही घेता येत नाही, मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, "घर का है. ले जाओ, घर में माँ होगी, उन्हें देना."

मी सरांकडे बघितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते, किंवा वाचत असल्याचं दाखवत होते. मी दोन्ही गड्डे पिशवीत घातले आणि टेम्पोत बसून बाड्यावर उतरले. घरी आईनं गड्डे हातात घेऊन उलटसुलट बघितले, कुठून आणले विचारलं. मी सांगितलं. ती विळी घेऊन बसली, आणि त्या संध्याकाळी आमच्याकडे फुलकोबी-बटाट्याची भाजी झाली. बाबांनी दोनदा वाढून घेतली.